रानवांग्याच्या मुळावरचे टमाटर

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वाकडं आहे, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी माफी मागितल्याशिवाय हात चालत नाही.

रायपूर राजधानी झालं, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी अभनपूरच्या रस्त्याला आमचं घर झालं. मागे थोडी मोकळी जागा होती, पण बोरचं पाणी खारट. वाफ्यांवर पांढरा थर धरायचा. पहिल्या वर्षी टमाटरची पानं कडेनं जळत गेली. नर्सरीवाले भैया म्हणाले, रानवांग्याच्या खोडावर टमाटरचं कलम केलेली रोपं लावा, ते मूळ खारं पाणी जास्त सोसतं. पण रोपं साध्या रोपांपेक्षा कितीतरी महाग.

मी चौबे कॉलनीत मोठ्या नणंदेकडे गेले. इकडची तिकडची खुशाली विचारत राहिले. शेवटी त्याच म्हणाल्या, "काहून आली ते सांग ना, चहा थंडा झाला तुया." सांगितल्यावर हसल्या. "एवढ्या पैशाचे टमाटर? सोनाराकडून आणून राहिली का?" पण पैसे दिले. ते त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले होते. थंडीत डोळा करायचा आहे, तोवर परत दे, एवढंच म्हणाल्या.

रोपं लागली, तरारली. मग आईकडे पाहत आले तेच मी केलं. बुडाशी चांगली माती चढवली. तशी माती दिली की टमाटरच्या खोडाला मुळं फुटतात, झाड धरतं. काही दिवसांत पानांच्या कडा पुन्हा जळू लागल्या. भैयांनी येऊन बोटानं माती सारली आणि कपाळावर हात मारला.

"अरे दीदी, जोड ही गाड़ दिया आपने!"

कलमाचा जोडच मी मातीत गाडला होता, त्याच्या वर टमाटरला स्वतःची मुळं फुटून खाऱ्या मातीत शिरली होती. खाली रानवांग्याचं मूळ होतं, पण झाड आपल्याच मुळांनी पाणी पीत होतं. आई चुकली नव्हती. तिच्या टमाटरला दुसऱ्याचं मूळ नव्हतं. मीच न विचारता माया केली.

दोन दिवस वाकून एकेका झाडाची माती काढली, वरची मुळं ब्लेडनं कापली. झाडं मलूल झाली. काही गेली. डोळ्यासमोर सारखा नणंदेचा दुधाळलेला डोळा यायचा. बाकीची हळूहळू सावरली.

फळं लहान आली, पण गोड. खाऱ्या पाण्यानं फळात पाणी कमी भरतं, म्हणून, असं भैया म्हणाले. नणंदेच्या दारात टोपली घेऊन बसायची. बायका आकार पाहून नाक मुरडायच्या. मला ओरडता येत नाही. मी एक टमाटर चिरायची आणि फोड पुढे करायची. नणंद आतून म्हणायच्या, "तोंड उघड व बाई, टमाटर काय बोलणार हाय?" पण फोड खाल्लेली बाई बहुतेक किलोभर नेत असे.

थोडे थोडे करून पैसे देत गेले. शेवटचे दिले तेव्हा त्यांनी नोटा डोळ्याजवळ नेऊन एकेक पाहिली. "बरोबर हायेत. फिटले तुये सारे," म्हणाल्या आणि चप्पल घालून दवाखान्याची तारीख घ्यायला निघाल्या.