रोजचा पहिला पेशंट

दाताच्या दवाखान्यात रोज सकाळी साडेदहाला मामा पहिले पेशंट म्हणून आत जात आणि दहा मिनिटांनी हसत हसत बाहेर येत. त्यांना दुसरं काहीच करायचं नसे. बत्तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर म्हणून काढलेला माणूस निवृत्त होऊन घरी बसला, की घरच्यांच्या नाकी नऊ येतात. तेव्हा या नव्या नोकरीने सगळ्यात जास्त खूश होत्या त्या मामी.

दवाखाना भाचीचा. ती मामा म्हणते म्हणून बाहेर बाकावर बसलेले झाडून सगळे पेशंटही त्यांना मामाच म्हणत. त्यांत मामांपेक्षा दहा वर्षांनी मोठे लोकही होते.

सुरुवात झाली ती दवाखाना उघडल्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी. मामा भाचीला डबा द्यायला आले होते. आत एक दांडगा वेल्डर खुर्चीत बसला होता. दिवसभर ठिणग्यांशी खेळणारा गडी, पण भाचीने नुसतं 'आ करा' म्हटलं आणि त्याने अशी आरोळी ठोकली की बाहेरच्या बाकाला कापरं भरलं. दाराजवळच्या बाईंना एकदम आठवलं, घरी गॅस चालू राहिलाय. त्या उठल्या. त्यांच्या शेजारच्यालाही घरचा गॅस आठवला. पाच मिनिटांत बाक रिकामा. एक गृहस्थ तर चपला विसरून गेले. भाचीने दार उघडून 'पुढचे कोण?' विचारलं, तेव्हा समोर फक्त मामा आणि डबा.

ती रडवेली झाली. मामा मात्र खुशीत होते.

"अगं, बसमध्ये अगदी हेच," ते म्हणाले. "गाडी जरा थांबली की एक जण उठतो. त्याला फक्त पाय मोकळे करायचे असतात. पण तो उतरला की मागून चाळीस जण उतरतात. मी घसा फोडून सांगायचो, बसा, बसा, आत्ता सुटतेय. कोण ऐकतंय! मग मी आपला एका सीटवर जाऊन बसायचो आणि मोठी जांभई द्यायचो. की बसलेच सगळे."

"मामा, यावर पुस्तकांत प्रकरणंच्या प्रकरणं आहेत," भाची नाक पुसत म्हणाली. "माणूस सांगून शिकत नाही, बघून शिकतो. दुसऱ्याचं चांगलं झालेलं दिसलं की आपणही करावं वाटतं, वाईट झालेलं दिसलं की काढता पाय."

"पुस्तकं कशाला लागतात त्याला? उद्यापासून मी येतो."

आणि ते आले. आत जाऊन खुर्चीत आडवे व्हायचे, भाची मशीन हवेत गर्रकन फिरवायची, मामा तोवर पेपरातलं राशिभविष्य वाचायचे. मग गालात कापसाचा बोळा धरून बाहेर यायचं, खिशातून कंगवा काढून केसांवरून फिरवायचा आणि म्हणायचं, "झालंसुद्धा? मला वाटलं, अजून सुरूच व्हायचंय!" बाकावरचे चेहरे लगेच सैल पडत. महिन्याभरात गर्दी मावेना. गंमत म्हणजे सगळेच पेशंट बाहेर येताना कंगवा काढायला लागले. ज्यांच्याकडे कंगवा नव्हता ते हात फिरवत. एका पूर्ण टकल्या हेडमास्तरांनीही अगदी मन लावून भांग पाडला. मामांना वाटलं, आपण बस चालवली असती तर आणखी मोठं नाव काढलं असतं.

फक्त एक माणूस काही केल्या बधत नव्हता. कोपऱ्यावरचे बेकरीवाले. पंधरा दिवस रोज गाल धरून दाराजवळ बसायचे, मामांना हसत बाहेर येताना बघायचे आणि उठून चालते व्हायचे. मामांनी त्यांच्यासाठी खास दोनदा हसून पाहिलं. उपयोग शून्य.

आता खरी गोष्ट सांगायलाच हवी. मामांनी आयुष्यात कोणत्याही डॉक्टरला आपल्या दाताला हात लावू दिला नव्हता. मामा सात वर्षांचे असताना त्यांचे वडील त्यांना घेऊन दाताच्या डॉक्टरकडे निघाले होते. दात वडिलांचाच दुखत होता. अर्ध्या जिन्यात वडील थांबले. वरून कोणीतरी ओरडल्याचा आवाज आला होता. त्यांनी मामांचा हात घट्ट धरला आणि दोघे जिना उतरून घरी आले.  मामांना त्या हाताला सुटलेला घाम साठ वर्षांनंतरही आठवत होता.

आणि नेमकी आता मामांची उजवीकडची दाढ ठणकायला लागली. ते डाव्या बाजूने जेवू लागले. आठवड्याभरात मामीही डावीकडून चावू लागल्या, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सहा वर्षांची नात तर मान डावीकडे कलती करून दूधसुद्धा चावून पिऊ लागली. ही नात म्हणजे आजोबांची दुसरी प्रत. ते खोकले की ती खोकायची.

एका सकाळी सूनबाई म्हणाल्या, "हिची दाढ किडलीय, सिमेंट भरायचंय. तुम्हीच घेऊन जा."

"आजोबा आधी," नात म्हणाली. "मी आत बसून बघणार."

मामांनी उजवा गाल दाबून धरला. पण त्यांना वाटलं, पोर लहान आहे, तिला काय कळतंय!

बाक भरलेला होता. दाराजवळ बेकरीवालेही होते. मामा ऐटीत आत गेले, आडवे झाले. नात स्टुलावर बसली. भाचीने मशीन हवेत फिरवलं.

"आत्या," नात म्हणाली, "आजोबांचं तोंड इकडे आहे."

भाचीने मशीन बंद केलं. तिने मामांच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मामा, आज खरंच करून टाकू या का?"

मामांची पाचावर धारण बसली. दार चार पावलांवर होतं. गॅस चालू राहिलाय, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि एक पाय खुर्चीवरून खाली टाकला. तेवढ्यात त्यांची नजर स्टुलाकडे गेली. नातीनेही एक पाय खाली टाकला होता. बूट चाचपडत होती, डोळे मोठे झाले होते आणि हात आजोबांच्या हाताकडे येत होता.

मामांना जिना आठवला. असं वाईट त्यांना कधी वाटलं नव्हतं.

त्यांनी पाय उचलून परत खुर्चीवर ठेवला. नातीनेही ठेवला.

"कर," मामा म्हणाले.

पुढची वीस मिनिटं मामांनी कसलीही शान राखली नाही. इंजेक्शन बघून "आई गं!" म्हणाले. ते दाराबाहेर ऐकू गेलं. डोळ्यांतून पाणी आलं, डावा पाय शिवणयंत्रासारखा हलत राहिला, भाचीची बाही त्यांनी मुठीत धरली ती सोडलीच नाही. पण उठले नाहीत. दाढ निघाली, वाटीत खट्ट वाजली.

बाहेर आले तेव्हा अर्धं तोंड बधिर. हसायला गेले तर फक्त डावा गाल हसला. कंगवा फिरवला तर भांग कानापाशी पडला.

"झायंशुद्धा?" मामा म्हणाले.

बाकावर दोघा-तिघांनी चपला पायांत सरकवल्या. मामांना वाटलं, संपलं, आता सगळ्यांचे गॅस चालू राहणार.

बेकरीवाले उठले. दाराकडे वळणार तेवढ्यात थांबले आणि मामांच्या अगदी जवळ आले.

"मामा, तुम्ही घाबरला होतात?"

मामांनी मान डोलावली. खोटं बोलायलाही जीभ जड झाली होती.

"मग मला जमेल," बेकरीवाले म्हणाले. "रोज हसत यायचात, वाटायचं, हा माणूस वेगळाच आहे, हे आपलं काम नव्हे." आणि ते बाकावर पुढे सरकून बसले. "पण आधी छोटीला जाऊ दे."

नात आत गेली, दार तिने उघडंच ठेवायला लावलं. खुर्चीत चढली. आत्याची बाही मुठीत धरली. मग काहीही दुखत नसताना "आई गं!" म्हणाली आणि डावा पाय हलवू लागली.

मामा दारात उभे होते. त्यांचा पाय आता हलत नव्हता. त्यांनी तो पुन्हा हलवायला सुरुवात केली, पोरीचा ताल चुकू नये म्हणून.