पीएचडी कशात, तर दहशतवादात

गवतातून चालत आलं की पँटला कुसळं चिकटतात. मुद्दाम कुणी गोळा करत नाही, पण घरी येऊन पाहावं तर गुडघ्यापर्यंत! आमच्या विभागाचे किस्से असेच चिकटलेत. गंगाखेडच्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवतो. एम. ए.ला आमच्याकडं एक पेपर आहे, दहशतवादाची कारणं. माणूस कट्टर कसा होतो, का होतो, वाटेत कुठं थांबवता येतो, हे सगळं त्यात. वीस-बावीस वर्षं शिकवतोय. एवढ्या वर्षांत एकही अतिरेकी पाहिला नाही. पण लग्नकार्यात माझी ओळख करून देतात ती "हे आपले दहशतवादाचे सर" अशी. पुढचा माणूस नमस्कार करतो, पण दोन पावलं मागं सरकून!

मी सांगतो त्यात तिखट जरा जास्त पडतं, असं आमच्या घरचं मत आहे. असू दे.

*

आमच्या पोरांची उत्तर लिहायची एक शिस्त आहे. प्रश्न लोकशाहीवर असो, पंचायत राजवर असो, नाहीतर संयुक्त राष्ट्रांवर. व्याख्या, वैशिष्ट्यं, फायदे, तोटे, समारोप. क्रम मोडायचा नाही!

एका वर्षी दहशतवादावर टीप विचारली. एका पठ्ठ्यानं व्याख्या लिहिली, वैशिष्ट्यं लिहिली. मग ठळक अक्षरात, खाली दोन रेघा मारून लिहिलं, "फायदे".

त्याच्याखाली: "१) नाहीत. २) वरीलप्रमाणे."

मी अर्धा मार्क दिला. आमचे विभागप्रमुख कदम सर पेपर घेऊन माझ्या टेबलाशी आले. "हा अर्धा कशाचा?"

म्हटलं, "सर, उत्तर चुकलंय कुठं?"

*

आता प्रज्ञाची ओळख करून देतो, कारण पुढचं सगळं तिचंच आहे. प्रज्ञा वाघमारे, राणीसावरगावची. वडील प्राथमिक शिक्षक, रिटायर. पोरगी हुशार, बोलायला कमी, ऐकायला जास्त. माझ्याकडंच पीएचडीला. विषय: खेड्यातली तरुण पोरं मोबाइलवरच्या भडक ग्रुपांत कशी ओढली जातात.

तिला पाहायला पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या मामानं विचारलं, "पोरगी काय करायली?"

वडील अभिमानानं म्हणाले, "पीएचडी."

"कशात?"

"दहशतवादात!"

मामानं बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "लय चांगलं. पण त्याच्यात नोकरी लागली की बदली कुठंकुठं होती?"

स्थळ गेलं. प्रज्ञा मला म्हणाली, "बरं झालं सर, थिसिस तरी होईल."

कारण थिसिसची मुदत दोनदा वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. वेळेत जमा झाला नाही, तर रजिस्ट्रेशन रद्द. एवढी वर्षं पाण्यात!

*

तर सर्व्हे. बोरीच्या पलीकडं एक गाव आहे, नाव सांगत नाही. तिथं प्रज्ञा फॉर्म घेऊन गेली. प्रश्न साधा होता: "तुमच्या घरात कट्टर विचारांकडं वळण्याची शक्यता असलेले तरुण आहेत का?" तिला वाटलं, लोक चिडतील, दारं लावतील.

झालं भलतंच! आपल्याकडं कुणी छापील फॉर्म घेऊन गावात आलं, की ती योजनाच असते. दुसरं काही असू शकतं, हे लोकांना ठाऊकच नाही. तासाभरात समाजमंदिरासमोर रांग लागली. प्रत्येकाच्या हातात आधार कार्डाची झेरॉक्स, रेशन कार्ड, दोन फोटो.

"म्याडम, आमचा बी पोरगा घ्या. लय कट्टर हाय!"

"कधीपासून?"

"बारावी नापास झाल्यापासून!"

एक म्हातारे रांगेत तीनदा आले. त्यांना मूलबाळच नव्हतं. "मी काय म्हंतो, पुतण्याचं लावा. एकाच घरातलं चालतंय ना?"

ग्रामपंचायतीचे एक सदस्य बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, यादी वर जाण्याआधी मला दाखवा. खरे गरजू राहायला नकोत."

कागदोपत्री बघितलं तर जगातलं सगळ्यात धोकादायक गाव आपल्या परभणी जिल्ह्यात निघालं!

*

चौथ्या दिवशी विभागात पोलीस ठाण्यातले एक जमादार आले. टोपी काढून टेबलावर ठेवली. "सर, कुणीतरी पोरगी गावात अतिरेक्यांची यादी करायली म्हणं."

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांना पटलं नाही. "यादी दाखवा."

प्रज्ञानं गठ्ठा पुढं केला. जमादार बोटाला थुंकी लावून एकेक फॉर्म उलटायला लागले. एका फॉर्मवर थांबले. फोटो जवळून बघितला. मग लांबून बघितला.

"हे तर आमचे मेव्हणे हायत."

 

"काय करावं म्हणता, साहेब?" मी विचारलं.

जमादारांनी टोपी उचलली. "परत करा. कागदपत्रं अपुरी हायत म्हणावं!"

*

हसू ओसरल्यावर खरी गोष्ट समोर आली. तो सगळा गठ्ठा थिसिसच्या कामाचा नव्हता. मुदतीला चार महिने उरले होते. कदम सर म्हणाले, "विषय बदलायची सोय असती तर बदलला असता." प्रज्ञा विभागाच्या पायरीवर बसून राहिली. मग म्हणाली, "सर, माझ्या हातात कागद दिसला की लोक खरं बोलत नाहीत."

"मग कागद नेऊ नकोस," मी म्हणालो. अशी वाक्यं मी सहज टाकतो. फिरावं तिला लागतं!

ती रिकाम्या हातानं फिरायला लागली. एक पोरगा होता, अशाच एका ग्रुपात वर्षभर अडकून आपणहून बाहेर पडलेला. त्याच्या आजीसोबत ही दोन तास तुरीच्या शेंगा सोलत बसली. पोरगा दारात उभा, आत येईना, बाहेर जाईना. शेवटी त्याच्यानंच राहवलं नाही.

"ताई, तुमी काई इचारणार न्हाईत का?"

"नाही," प्रज्ञा म्हणाली.

पोरगा आत येऊन बसला. "मंग सांगतो."

अशी परत फिरलेली पोरं तिनं एकेक करून गाठली. मुदत संपायच्या आदल्या दिवशी थिसिस बाइंडिंगला गेला. दुकानदारानं काळ्या कव्हरवर सोनेरी अक्षरं लावताना सल्ला दिला, "म्याडम, दहशतवाद जरा बारीक टाकू का? एसटीत न्यायचाय तुम्हाला!"

*

राहिली तोंडी परीक्षा. बाहेरचे परीक्षक आले. साठीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही. या गृहस्थांनी आधी दोन थिसिस परत पाठवलेत, अशी बातमी कदम सरांनी आणली होती. प्रज्ञाचे वडील मागच्या बाकावर, मांडीवर पेढ्यांचा बॉक्स. उघडायचा की परत न्यायचा, ते अजून ठरायचं होतं.

परीक्षकांनी दीड तास सोलून काढलं. नमुना एवढा लहान का? फॉर्म का नाहीत? हे शास्त्र की गप्पा? प्रज्ञा उभ्यानं उत्तरं देत होती. मी खाली बघत होतो.

शेवटी त्यांनी थिसिस मिटला. "इतकी पानं लिहिलीत. एका वाक्यात सांगा, काय सापडलं?"

प्रज्ञा म्हणाली, "सर, जी पोरं परत आली, त्यांच्याशी घरातल्या एका तरी माणसानं बोलणं बंद केलं नव्हतं. भांडण चालू असतानासुद्धा."

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "पाच मिनिटं द्या," आणि उठून बाहेर गेले.

पाचाची पंधरा झाली. वडिलांनी बॉक्स पिशवीत ठेवला. कदम सर माझ्या कानाशी आले, "गेलं वाटतं. बघा तरी जाऊन."

मी व्हरांड्यात गेलो. परीक्षक पाठमोरे, खांबाला टेकून, फोन कानाला.

"बाबा बोलतोय... नाही, काही काम नव्हतं... जेवलास का?"

तिकडून फोन कट झाला असावा. त्यांनी स्क्रीनकडं पाहिलं. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला.

आणि पुन्हा नंबर लावला.