मुरमावरची द्राक्षं

"चाखून पाह्य," असं म्हणून ती समोरच्याच्या तळहातावर काहीही ठेवायची. बोर असतं, चिंच असती, तर एकवेळ समजलं असतं. माझ्या हातावर तिने पहिल्यांदा ठेवला तो मुरमाचा खडा.

रिसोडला आमचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. सत्तरच्या आसपासची गोष्ट असेल. उंच, काटक अशी ही बाई पायरी चढून आली, तारेच्या भेंडोळ्याचं टोक उचललं आणि सरळ जिभेला लावलं.

"अवं माय, तार हाये ते. ऊस नोय," मी म्हणालो.

"गंज जिभेले समजते. तुह्या बोलण्यावर कायले जाऊ?"

मांडवाला तार हवी म्हणाली. मी विचारलं, लगीन कोणाचं? तर म्हणे, द्राक्षाच्या वेलाचं. दुकानातली गिऱ्हाइकं खो खो हसली. तीही हसली आणि कनवटीचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. तिच्या डोंगराचा होता तो. आता तुम्हीच सांगा, भर दुकानात माणूस दगड चाखेल का? पण तिच्या नजरेपुढे माझं काही चाललं नाही. खडा जिभेवर ठेवला. ऊन लागलं, थोडं खारट लागलं, बाकी काही कळलं नाही.

तिच्या गावातली सगळी बौद्धवस्ती तिला मोठमाय म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. नवरा नाशिककडे रेल्वेच्या गँगमध्ये होता आणि ती तिथल्या द्राक्षबागांत मजुरीला जायची. नवरा वारल्यावर ती जऊळक्याच्या स्टेशनावर उतरली, ती ओल्या गोणपाटात बांधलेल्या द्राक्षाच्या काड्या डोक्यावर घेऊन. भूमिहीन म्हणून सरकारकडून तिच्या वाट्याला आली होती डोंगराची उतरण. नुसता मुरूम, वर कुसळं. आमच्याकडे जमीन म्हणजे काळी. मुरमाला कोणी जमीन म्हणतच नाही, तो रस्त्यावर टाकायचा. तिथे हिने काड्या लावल्या. दुष्काळ पडला तेव्हा पायथ्याच्या झऱ्याचं पाणी घागरीने वर नेऊन तिने ते वेल जगवले. मी दोन-चारदा तार पोचवायला गेलो, तेव्हा ती वेलांशी भांडताना सापडायची. "पाणी पेऊन राह्यले, अन् पानं दाखवाले लाजता काहून?"

त्याच दुष्काळात गावचा तलाव आटला आणि तळाचा गाळ उघडा पडला. लोण्यासारखी काळी माती. वस्तीतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या काळीत राबलेली. आपल्यातल्या एकीच्या नावावर जमीन झाली, तर तिच्यावर काळी माती असावी, ही त्यांची हौस. न सांगता सगळी लोटली. सगळ्यांत आधी एका बुढ्याने आपली बैलगाडी जुंपली, मग पाट्या, घमेली, बायका, पोरं. डोंगराच्या खालच्या निम्म्या अंगावर त्यांनी गाळाचा जाड थर घातला. वरच्या चढाला गाडी चढेना, तेवढा राहिला. "पुढच्या उन्हायात वरतं बी भरू," बुढा म्हणाला. मोठमाय पदराने डोळे पुसत होती. तिलाही वाटलं, आता बाग खरी बाग झाली.

पावसाळा झाला, छाटणी झाली, आणि खालची बाग अशी माजली की बघत राहावं. पानं तळहाताएवढी. वरचे वेल मात्र खुरटे, खडकात बोटं खुपसून बसलेले. माणसं खालच्या बाजूने मिरवून जायची. पण थंडी सरता सरता खालची पानं पिवळी पडू लागली. गाळ पाणी धरून बसला होता, मुळ्या कुजत होत्या. मी गेलो तेव्हा ती बांधावर बसून एक काळी पडलेली मुळी बोटांनी कुस्करत होती.

"हा गाळ काढला नाई, त मरतेत येल," ती म्हणाली. "अन् काढ म्हणू कसं? जीव ओतला बाप्पा त्यायनं. येल मोडू का त्यायचं मन मोडू?"

तिने विचारलं कोणाला, तर मला. मी तार विकणारा माणूस.

घड पिकले तशी तिने सगळ्या वस्तीला डोंगरावर बोलावलं. मलाही निरोप होता. पळसाच्या पानांवर दोन छोट्या राशी मांडल्या होत्या. एकीत टपोरी द्राक्षं, दुसरीत बारीक, जाड सालीची. कुठली कुठल्या अंगाची, ती बोलली नाही. एवढंच म्हणाली, "चाखून पाहा."

टपोरं द्राक्ष तोंडात फुटलं आणि पाणी झालं. मग मी बारकं घेतलं. काय सांगू! आधी गोड, मग आंबूस, आणि शेवटी जिभेवर उरलं ते उन्हाचं, किंचित खारट असं काहीतरी. ही चव मला ओळखीची होती. दुकानात चाखलेला तो खडा! एवढा डोंगर त्या एवढ्याशा दाण्यात उतरला होता. माझ्या अंगावर काटा आला, आजही येतो. आयुष्यभर ज्याला आम्ही रस्त्यावर टाकत आलो, त्याच्या पोटात हे होतं.

गाडीवाला बुढा बराच वेळ चघळत राहिला. मग त्याने पायाजवळचा खडा उचलून तोंडात टाकला, आणि वर बघितलं, खाली बघितलं.

"बारकं वरतलं हाये?"

तिने मान हलवली.

"मंग सांगत काहून नाई व मोठमाय? आमी काय परके हाओत?" असं म्हणत बुढा उठला आणि त्याने फावडं मागितलं. ज्या पाट्यांनी गाळ वर आला, त्याच पाट्यांनी तो खाली गेला. तीच माणसं, तीच गाडी. थट्टा करत, एकमेकांना शिव्या घालत. खालचे निम्मे वेल वाचले. गाळ पायथ्याला पसरला आणि तिथे वस्तीने वांगी लावली. पुढची कितीतरी वर्षं उन्हाळा लागला की माझ्या गल्ल्यावर पानात बांधलेला एक घड यायचा.

एका हिवाळ्यात ती गेली. नाल्याकाठच्या काळ्या रानात तिला पुरायचं ठरलं. वंदना झाली, माणसं मूठमूठ माती टाकायला वाकली, तेवढ्यात वाटेवर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. तो बुढा आता पार वाकला होता. गाडी डोंगरावरच्या मुरमाने भरलेली होती.

"थांबा रे," तो धापा टाकत म्हणाला. "तिले काळी मानवत नाई."