खांद्यात भरलेली चमक

खात्याने आमचा ताण घालवायचं ठरवलं आणि आम्हा जनावरांच्या डॉक्टरांना वाशिमच्या एका सभागृहात सक्तीने बोलावलं. प्रमुख पाहुणे उशिरा आले. मग दीपप्रज्वलन, मग मंचावरच्या एकेकाचा शाल-श्रीफळाने सत्कार, मग ज्यांचा राहून गेला त्यांची समजूत. व्याख्याते उभे राहीपर्यंत त्यांच्या विषयाची सभागृहात भरपूर आवक झाली होती. त्यांनी डोळे मिटून समुद्र बघायला सांगितलं.

मला शिरपूरकडची गाय दिसली. पोळ्याच्या सुमारास ती अडली होती. वासराची मान मागे वळलेली. मला ती सरळ करता आली नाही आणि गाय-वासरू दोन्ही गेली. तेव्हापासून अडलेलं जनावर आलं की मी काहीतरी निमित्त काढून शेजारच्या दवाखान्यातल्या मैत्रिणीला पाठवत होते. जिल्हा कार्यालयात टेबलावरचं काम मागायचंही ठरवलं होतं. कागदही अडतात, पण अडून मरत नाहीत.

मैत्रीण शेजारीच बसली होती. तिचा फोन थरथरला. केनवडला सकाळपासून म्हैस अडली होती. तिने मला कोपराने ढोसलं आणि सगळे समुद्रात असताना आम्ही मागच्या दाराने सटकलो.

गोठ्यात पोचल्यावर मात्र ही बाई घमेलं पालथं घालून त्यावर बसली.

"काहून बसली वं?"

"खांद्यात चमक भरली. हात वर होत नाही."

"अन् गाडी कशी हाकलली मंग एवढ्या खड्ड्यांतून?"

"हँडल खाली रायते."

म्हशीचा मालक म्हातारा होता, घरात दुभतं जनावर हे एकच. तुमच्यातली डॉक्टर कोण, असं त्याने विचारलं. तिने हनुवटीने मला दाखवलं.

साबणाच्या पाण्याने खांद्यापर्यंत हात धुऊन मी आत घातला. रेडकाची मान मागे वळलेली. पुन्हा तेच. कळ आली की हात पिळवटून निघायचा, बोटं बधिर व्हायची. माझ्याने होत नाही, तू ऊठ, असं मी तिला म्हणाले. ती उठली नाही.

"ते वासरू तू जायच्या आंधीच मेलं होतं. कितीदा सांगू तुले? हे जितं हाय का, ते पाह्यून घे आंधी."

मी चाचपडत रेडकाच्या तोंडापर्यंत पोचले आणि बोट आत सरकवलं. त्याने ते चोखलं.

मग दोन कळांच्या मधे रेडकाला मागे रेटलं, जबडा धरला, आणि थोडी थोडी करत मान फिरली. मालकाने आणि मदतीला आलेल्या शेजाऱ्याने रेडकाच्या पायांना बांधलेला दोर ओढला. वगार झाली, म्हणजे मादी. पडल्या पडल्या शिंकली.

म्हातारा हात जोडून थेट मैत्रिणीपुढे उभा राहिला. बसून हुकूम सोडते ती मोठी मॅडम, हा त्याचा हिशोब. तिने मान किंचित लववून आभार स्वीकारले आणि माझ्याकडे बोट दाखवून, पोरगी शिकेल हळूहळू, असंही सांगितलं.

परतीच्या वाटेवर मी मागे बसून तिच्याशी भांडत होते. हँडलवर तिचा खांदा उत्तम चालला होता. पुढच्या वेळी खांद्यात चमक भरायची असेल तर निदान सकाळी तरी सांगत जा, असला चांगला ड्रेस घालून मी गोठ्यात शिरणार नाही, असं मी ओरडले. आरशात तेवढी तिची बत्तिशी दिसली.