आप्पांची शिंक आणि डॉक्टरांची गोळी

निपाणीत तंबाखूच्या भुकटीनं शिंकत नाही असा माणूस सापडणं कठीण. तरीही आमच्या आप्पांची शिंक गावात वेगळी ओळखली जायची. आप्पा म्हणजे माझे वडील. तंबाखूच्या वखारीत मुकादम होते. पोतं उघडलं की एक शिंक, पोतं हललं की दुसरी, आणि घरी आल्यावर धोतर झटकलं की मग मोजायचं सोडून द्यायचं. गल्लीतल्या कोंबड्यासुद्धा त्यांच्या येण्याच्या वेळेला कडेला व्हायच्या.

यात हसण्यासारखं फार होतं, पण मला ते महागात पडत होतं. मी लग्नाची झाले होते. कंग्राळीहून पाहुणे मला बघायला आले. पाट मांडला, मी पोह्यांच्या बश्या घेऊन निघाले आणि आप्पा शिंकले. त्यांच्यातल्या आजोबांनी पटका सावरला. "कामाच्या सुरवातीलाच शिंक? बघू मागनं," म्हणाले, आणि सगळे पोहे खाऊन गेले. पुढच्या खेपेला दुसरी माणसं आली, ती तर पोह्यांपर्यंतसुद्धा थांबली नाहीत.

आईनं सगळे उपाय केले. ओव्याची पुरचुंडी, हळदीचा धूर, कुणाकुणाचे अंगारे. उपयोग शून्य. मग शहापुरातलं स्थळ आलं. घर विणकरांचं, मुलगा मात्र बेळगावात शाळेत मास्तर. आई हट्टाला पेटली आणि आप्पांना बाजारातल्या नव्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. हे डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात पलटणीच्या दवाखान्यात काम करून नुकतेच परतले होते.

त्यांनी आप्पांना नीट समजावलं. "भुकटी नाकात गेली की तुमचं अंग उगाच चवताळतं. अंगातच एक द्रव्य सुटतं, त्यानं शिंका येतात. हे औषध त्या द्रव्याला आवर घालतं. परदेशात लढाईच्या काळात निघालं, आपल्याकडं अजून फार कुणी बघितलेलं नाही. पण झोप येते. एकच गोळी घ्यायची, आणि घेतली की पडून राहायचं."

आप्पांनी यातलं 'शिंका थांबतात' एवढंच ऐकलं आणि गोळ्यांची डबी खिशात घातली.

पाहुणे सकाळी यायचे होते. आप्पांनी न्याहारीबरोबर एक गोळी घेतली आणि थोड्या वेळानं आणखी दोन.

"अवं, एकच म्हणालते न्हवं डॉक्टर?" आई म्हणाली.

"ते साध्या शिंकंला. माझी शिंक कसली हाय तुला ठावं न्हाई व्हय?"

पाहुणे आले. मी बश्या घेऊन बाहेर आले तर आप्पा भिंतीला टेकून बसलेले, डोळे अर्धे मिटलेले, चेहऱ्यावर कधी न बघितलेली शांती. शिंकेचं नाव नाही. मुलाची आत्या त्यांच्यातली पुढारीण होती. तिनं सरळ आप्पांना विचारलं, "लगीन आमच्या दारात करायचं. चालंल न्हवं?"

आप्पांची मान खाली आली. आत्याला तो होकार वाटला.

"पोरीला मागावर बसाय लागंल. आमच्यात सुना बसत्यात."

मान पुन्हा खाली आली. आई पदर तोंडाला लावून बघत राहिली.

"आनि शाळा आता बास. लई शिकली."

मी मराठी फायनलच्या, म्हणजे सातवीच्या परीक्षेची तयारी करत होते. पास झाले तर मुलींच्या शाळेत मास्तरीण होता येणार होतं. आप्पांनीच मला दम देऊन देऊन तिथवर आणलं होतं. त्याच आप्पांची मान या प्रश्नालाही खाली आली, आणि तिच्यामागोमाग बारीक घोरणं आलं.

मी बश्या खाली ठेवल्या आणि बोलले. "आप्पा झोपल्यात. त्यांनी कशालाच व्हय म्हटलेलं न्हाई. माग मी शिकीन, पण परीक्षेला बसणार."

आप्पांचं घोरणं आता चांगलंच चढलं होतं. आत्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मुलानं मात्र आप्पांकडे बघितलं आणि त्याला हसू आवरेना. "आत्या," तो म्हणाला, "मी मास्तर. बायकोला परीक्षेला बसू नको म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?"

स्थळ ठरलं. आप्पा जागे झाले ते दिवेलागणीला. तोंड कोरडं पडलेलं, जीभ जड. "आलं व्हय पावनं?" त्यांनी विचारलं.

गोष्ट इथं थांबली असती तर बरं झालं असतं. पण आप्पांना त्या झोपेची गोडी लागली. शिंक असो नसो, वखारीतून आले की गोळी. आणि आईलाही घरातली शांतता आवडली. आप्पा जागे असले की तंबाखूचा दर, पानाचा रंग, व्यापाऱ्यांची लबाडी हे जेवण होईपर्यंत चालायचं. एखाद्या दिवशी ते गोळी विसरले असं वाटलं की आई ती कुटून चहात घालायची. त्यांनी आधीच घेतलेली असली तरी तिला ते कळायला मार्ग नव्हता.

एका रविवारी आप्पांची लघवीच अडली. पोट फुगलं, ते विव्हळायला लागले आणि भलतंसलतं बोलायला लागले, दारात पोत्यांची गाडी उभी आहे म्हणून. आईचं धाबं दणाणलं. डॉक्टर धावत आले, नळी घालून त्यांनी लघवी मोकळी केली आणि मग डबी हातात घेऊन बघितली. आईनं रडत रडत सगळं सांगितलं.

"बाई, हे शिंकेचं औषध आहे, नवऱ्याला गप्प बसवायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "नवं म्हणजे निरुपद्रवी नव्हे. या वयात गोळ्या जास्त झाल्या की लघवी अडते, माणूस बरळतो; आणखी झाल्या असत्या तर जिवावर बेतलं असतं." डबी त्यांनी खिशात घातली आणि आप्पांना वखारीत नाकाला ओलं फडकं बांधायला सांगितलं.

दोन दिवसांनी आप्पा उठून बसले. आई पेज घेऊन आली. त्यांनी ती हातात घेतली.

"माझं बोलणं एवढं जड जातंय व्हय गं तुला?"

"सगळं न्हाई," आई खाली बघत म्हणाली. "पानाच्या रंगाचं तेवढं."

आप्पा रागावतील असं मला वाटलं होतं. ते पेज प्यायले, भांडं खाली ठेवलं आणि म्हणाले, "मग तू बोल की. मी ऐकतो."

आई बोलायला लागली. तिच्याजवळ इतकं साठलेलं असेल याची आम्हाला कुणालाच कल्पना नव्हती.