लेकीच्या घरचं

लग्न झालेल्या लेकीच्या घरचं काही घ्यायचं नाही, हा माझ्या बाबांचा नेम. लातूरला माझ्याकडं यायचे तर पिण्याचं पाणीसुद्धा आमच्या गावाहून, उमरीहून, बाटलीत भरून आणायचे. मला असा राग यायचा! पण आमच्याकडची जुनी माणसं तशीच, म्हणून गप्प बसायचे.

बाबांना रक्ताचा कॅन्सर झाला तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. हैदराबादच्या दवाखान्यात माझ्या रक्तातल्या मूळ पेशी, हाडात बसून नवं रक्त बनवणाऱ्या, काढून त्यांना दिल्या. तेव्हा मुकाट्यानं घेतल्या. बरे झाले, माझं लग्नही थाटात लावलं. अन् पुढच्याच वर्षी नांदेडच्या तपासणीत आजार उलटल्याचं कळलं.

पुन्हा हैदराबाद. डॉक्टर म्हणाले, औषधं देऊच, पण आजाराशी लढायला या वेळी लेकीच्या पांढऱ्या पेशी लागतील, नाहीतर आशा कमी आहे. मी तर बाही सारून तयारच होते. बाबा म्हणाले, नको. लेक आता दुसऱ्या घरची झाली, तिच्या अंगातलं घेऊन जगायचं नाही. आई रडायला लागली. माझ्या नवऱ्यानं फोनवरून विनवण्या केल्या, तरी बाबा आपले ढिम्म.

मग माझं डोकंच फिरलं. अख्ख्या वॉर्डासमोर म्हणलं, "बाबा, तुमच्या हाडात आज जे काही चांगलं रक्त तयार व्हायलंय, ते माझ्याच पेशी करायल्यात. लेकीचं नको असंल तर आधी त्या काढून द्या."

 बाबा डॉक्टरांना म्हणाले, "घ्या हिचं रक्त. ही काय सोडायची न्हाई."

पेशी चढवल्यावर लई हाल झाले. अंगभर चट्टे उठले, पोटात काही ठरेना. माणसानं सगळं सोसलं, कुरकुर केली नाही. हळूहळू रिपोर्ट चांगले यायला लागले, आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, आजार कुठंच दिसत नाही, रक्तातल्या सगळ्या पेशी आता लेकीच्या आहेत. मला तर तिथंच नाचावंसं वाटलं.

परवा उमरीच्या बाजारात बाबांसोबत होते. ओळखीच्या एका म्हातारीनं मला बघून म्हणलं, पोरगी अगदी तुमच्यावर गेली हो. बाबांनी पाठ ताठ केली.

"न्हाई मावशी," ते म्हणाले, "मी लेकीवर गेलो."