ओवलेल्या तीस सुया

त्या दिवशी दोन गोष्टी ठरलेल्या होत्या. साडेबाराला एका सरोवराकडे जाणारी माझी बस सुटणार होती आणि चार वाजता एका म्हातारीच्या दुकानाची किल्ली तिचा मुलगा घेऊन जाणार होता. पहिली मला ठाऊक होती, दुसरी तिला. सकाळी नऊपर्यंत आमचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. तो तसाच राहिला असता तर मी ते सरोवर पाहून आले असते.

मी शिवणक्लास चालवते, सव्वीस वर्षं झाली. एकावन्नाव्या वर्षी पाठीला सॅक लावून एकटीनं परदेशी जायचं ठरवलं तेव्हा वहिनी म्हणाली, "वन्सं, गुडघे बरोबर नेणार की घरी ठेवणार?" मी एक वही केली, तिच्यात सोळा दिवस तासातासानं मांडले आणि निघाले. आठ दिवस सगळं वहीप्रमाणे झालं. नवव्या दिवशी माशी शिंकली. हॉस्टेलच्या जिन्यात सॅकचा डावा पट्टा मुळापासून सुटला आणि सॅक माझ्याआधी खाली पोचली.

वाईट पट्ट्याचं नाही वाटलं. वाईट याचं वाटलं की माझ्याजवळ सुई नव्हती. निघताना भाच्यानं माझी सुयांची डबी सामानातून काढून घेतली होती. "आत्या, विमानात सुई चालत नाही." विमानात तो बसला होता एकदा, तेही खिडकीशी झोपून. जिच्या घरात पायाखाली सुया येतात ती बाई परक्या गावात उसवलेला पट्टा हातात धरून उभी राहिली. हॉस्टेलच्या काउंटरवरच्या मुलीनं दोन गल्ल्या पलीकडचं बॅगदुरुस्तीचं दुकान सांगितलं आणि वर म्हणाली, तिथल्या आजी फार हुशार आहेत, दहा मिनिटांचं काम. त्या दहा मिनिटांवर मी अजून रागावलेली आहे.

दुकान एका दाराएवढं रुंद. आत एक उंच बाक, छताला टांगलेले पट्टे आणि बकलं, आणि चामडं न् गोंद यांचा नाकात बसणारा वास. बाकामागे पंचाहत्तरीच्या पुढच्या आजी. जाड भिंगांचा चष्मा होता, पण डोळ्यांवर नाही, कपाळावर. त्यांना माझी भाषा येत नव्हती आणि मला त्यांची. जे बोलणं मी इथे सरळ लिहिते आहे ते प्रत्यक्षात चाळीस शब्द आणि उरलेलं हातवारे असं झालेलं आहे. शिवणाऱ्या दोन बायकांना तेवढं पुरतं.

त्यांनी सॅक मांडीवर घेतली, पट्ट्याच्या मुळाशी बोटं फिरवली, आणि मी तोंड उघडायच्या आत पातं घेऊन चांगला असलेला उजवा पट्टाही सटासट उसवून टाकला. म्हणाल्या, हाही आठ दिवसांत गेला असता. ते खरं होतं. मलाही ते दिसलं होतं, आणि म्हणूनच जास्त झोंबलं. मग त्यांनी दोन्ही पट्टे सॅकच्या पोटावर नीट ठेवले, हात पुसले आणि सांगितलं, उद्या या.

माझा पारा चढला. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही, हातात दुसरं काम नाही, साडेनऊ वाजलेले, आणि उद्या? मी घड्याळ दाखवलं. बसचं तिकीट दाखवलं. वहीचं पान उघडून दाखवलं, तर त्यांनी ते पानही बोटांनी चाचपलं. शेवटी म्हटलं, सुई द्या, माझं मी शिवते, हेच माझं काम आहे. त्या नाही म्हणाल्या. माझ्या बाकावर दुसऱ्याचा हात चालत नाही, म्हणाल्या. क्लासमध्ये मी मुलींना हेच सांगते, शब्दसुद्धा जवळजवळ हेच. ते ऐकायला इतकं वाईट वाटतं हे मला सव्वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

उसवलेली सॅक घेऊन जायचं तरी कुठे? मी तिथेच स्टुलावर ठाण मांडून बसले. माझ्यासमोर नुसतं बसून राहणं त्यांनाही जड गेलं असावं. अकराच्या सुमाराला त्यांनी भिंतीवरच्या कापडी पट्टीतून एक सुई काढली, मेण लावलेला जाड दोरा घेतला, टोक ओठांत ओलं केलं आणि ओवायला गेल्या. दोरा नेढ्याच्या बोटभर बाजूनं गेला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा त्यांनी सुई फिरवून पाहिली, जसं काही चूक सुईची होती. मी शेकडो मुलींचे हात पाहिलेत. नवशिकीचा हात थरथरतो. यांचा हात दगडासारखा स्थिर होता, फक्त नेढं कुठे आहे ते त्यांना दिसत नव्हतं.

मी पाहते आहे हे त्यांना कळलं. सुई खाली ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या मुलाला सांगू नका."

मग हळूहळू बाहेर आलं. लांबचं दिसतं, जवळचं गेलं. डॉक्टरांनी हात टेकलेत. शिलाईला डोळे लागत नाहीत, आरीनं भोक पाडायचं आणि बोटानं शोधायचं, पण सुईत दोरा ओवायला लागतात. सुई ओवायच्या तारेच्या चकत्या या जाड दोऱ्याला टिकत नाहीत. तुटलेल्या चकत्यांनी भरलेली एक डबीच त्यांनी माझ्यापुढे वाजवली. वरच्या मजल्यावर एक मास्तरीण राहते. ती रोज शाळेत जाण्याआधी त्यांना तीस सुया ओवून भिंतीवर टोचून देते. तीस सुया संपल्या की दुकान बंद. दोन वर्षं असं चाललेलं. मास्तरीण लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि शेवटची ओवलेली सुई काल दुपारी संपली. समोरच्या वाण्याला सांगावं तर तो मुलाला सांगेल. आणि मुलानं मागच्या महिन्यात बजावलं होतं: आजच्या तारखेला चार वाजता येईन, काम होत नाहीसं दिसलं तर किल्ली घेईन आणि तू माझ्याकडे राहायला येशील.

मुलगा वाईट आहे का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, "फार चांगला आहे. त्याच्या घरी मला सकाळी उठून करायला काही नाही."

मला त्यांची दया वगैरे आली नाही, राग आला. ओवलेल्या सुया नव्हत्या तर चांगला पट्टा उसवलात कशाला? त्यांनी सरळ सांगितलं: मुलगा येईल तेव्हा बाकावर काम दिसायला हवं होतं. म्हणजे माझं सरोवर त्यांनी बाकावर मांडून ठेवलं होतं. बारा वाजले. साडेबारा वाजले. बस आठवड्यातून एकदाच जात होती. मी वहीतला नववा दिवस पेननं खोडला आणि म्हटलं, आणा त्या सुया इकडे.

त्यासाठी मला सॅकमधून चष्मा बाहेर काढावा लागला. तो मी क्लासमध्ये कधी लावत नाही. घरीही नाही. मुलींना आकडे मोठे लिहायला लावते, आणि सुई ओवायची वेळ आली की "तू ओव बघू, हात कसा बसलाय ते पाहते" म्हणते. वर्षभर निभावलंय. जांभळ्या काड्यांचा तो चष्मा सॅकच्या आतल्या कप्प्यात मोज्यात गुंडाळून ठेवला होता. आजींना बहुतेक दिसला नाही, निदान त्या काही बोलल्या नाहीत.

तीस सुया ओवून भिंतीवर टोचायला मला पावणेतीन वाजले. जाड दोरा, मेणानं चिकट बोटं. आजींनी पहिली सुई हातात घेतली, दोऱ्यावरून बोटं शेवटपर्यंत नेली आणि थांबल्या. दुसरी घेतली. तिसरी.

"गाठ कुणी मारायला सांगितली?"

मी प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला गाठ मारली होती. शिवणारी कुठलीही बाई मारते, विचार न करता, हातच मारतो. पण बॅगवाल्यांच्या शिलाईत एका दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुई असते. दोन्हीकडून एकाच भोकात घालून ओढायचं, गाठ नाहीच. तीसच्या तीस दोरे वाया. आणि मी मूर्खासारखी सांगत बसले होते की हेच माझं काम आहे. आजी मोठमोठ्यानं हसल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, संतापाचं. सकाळपासून जे जे बिघडलं होतं त्यात फक्त एवढंच माझ्या हातून बिघडलं होतं.

गाठी कापल्या आणि पुन्हा सुरुवात केली. बोटांची सालं निघाली. जोडी तयार झाली की आजी भिंतीवरून काढून घेत आणि पट्टा शिवायला लागत. आरी, सुई, सुई, ओढ. तो हात पाहून मी दोनदा ओवायचं विसरले. इतके सारखे टाके मी शिकवलेल्या एकाही मुलीनं घातलेले नाहीत, मीही नाही. उजवा पट्टा पूर्ण झाला, डावा अर्ध्यावर आला आणि दारात सावली पडली.

मुलगा पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. माझ्याशी इंग्रजीत अदबीनं बोलला. भिंतीवरच्या सुया पाहिल्या, टाके पाहिले. मग माझ्या मांडीवरचे कापलेल्या गाठींचे तुकडे पाहिले आणि सगळं समजला. त्यानं आवाज चढवला नाही. एक रिकामी सुई उचलली, दोरा घेतला आणि आईपुढे धरला. एकच ओव, म्हणाला, मी परत जातो.

आजींनी आरी खाली ठेवली. मी काही बोलणार होते, त्यांनी हातानं गप्प केलं.

"आधी तू ओवून दाखव."

तो हसला आणि ओवायला गेला. दोरा बाजूनं गेला. त्यानं सुई दूर धरली, हात लांब केला, मान मागे नेली, उजेडाकडे वळला. पुन्हा गेला. चौथ्यांदा त्याच्या कपाळाला घाम आला. ती सगळी कसरत मी ओळखत होते, वर्षभर दार लावून करत होते.

"मग उद्या तुझ्या ऑफिसलाही कुलूप लावू या," आजी म्हणाल्या आणि अर्धा राहिलेला पट्टा मांडीवर ओढला.

तो बाकाच्या कडेला टेकला आणि सुईकडे पाहत राहिला. शेवटी मीच माझा चष्मा काढून त्याला दिला. जांभळा चष्मा त्या इस्त्रीच्या शर्टवर कसा दिसत होता ते सांगत नाही, पण दोरा पहिल्या फटक्यात गेला. त्यानं दुसरी सुई घेतली. आईला विचारलं, मास्तरीणबाई कधी येणार? सोमवारी, त्या म्हणाल्या. तोवर सकाळी ऑफिसआधी मी येतो, तो म्हणाला. किल्लीचं नाव त्यानं काढलं नाही. ती दाराशी खिळ्यावर लटकत होती, तिथेच राहिली.

पट्टे लागले, सॅक पाठीवर चढली, मी निघाले. गल्ली ओलांडल्यावर आठवलं, चष्मा त्याच्याच नाकावर आहे. परत दारापर्यंत गेले. तो मान खाली घालून ओवत होता, अकरावी की बारावी. उद्या सकाळी याला तीस ओवायच्या होत्या. मी तशीच मागे फिरले.

पुढचे सात दिवस मी बसची तिकिटं आणि नकाशे लोकांकडून वाचून घेतले, आणि माझी स्वतःची वही हात लांब करून कशीबशी वाचली. दोनदा भलत्याच गावी पोचले. ते सरोवर पाहिलेलं नाही आणि आता पाहणंही होणार नाही. घरी आल्यावर चष्मा हरवला म्हणून कुरकुरायचीही सोय नव्हती, कारण तो होता हेच कुणाला माहीत नव्हतं.

घरी आल्याच्या चौथ्या दिवशी चष्म्याच्या दुकानात गेले. वहिनीला बरोबर नेलं.